खासदारकीचा खर्च : कागदावर काय येतं, काय सुटतं

लोकसभा निवडणुकीतल्या पैशाबद्दल सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत. नावांऐवजी गाव आणि व्यवसाय तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे म्हणतात. आमच्या तालुक्यातच दोन मोठ्या सभा झाल्या की काही लाख उडतात. मग सगळ्यांचे हिशोब मर्यादेच्या आत बसतात कसे? (शिक्षक, मोहोळ)

उत्तर : आधी आकडा नीट पाहू. सोलापूर लोकसभेत मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि पंढरपूर-मंगळवेढा असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. २०२४ ला इथले मतदार २० लाखांच्या थोडे वर होते. म्हणजे ९५ लाखांची मर्यादा ही माणशी पावणेपाच रुपये झाली. मतदान केंद्रं दोन हजारांच्या घरात धरा. मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्राबाहेर एक टेबल, दोन खुर्च्या आणि दोन कार्यकर्त्यांचं चहा-जेवण, यासाठी ५०० रुपये लावले तरी एका दिवसात १० लाख संपतात. तुमची शंका रास्तच आहे.

हिशोब बसतो तो तीन कारणांनी. पहिलं, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराचा खर्च मोजायला सुरुवात होते ती अर्ज भरल्याच्या दिवसापासून, आणि निकालाच्या दिवशी मोजणी थांबते. त्याआधीचे सहा महिने गावोगाव झालेले मेळावे, वाढदिवस, हळदीकुंकू यांत धरले जात नाहीत. मात्र अर्जापूर्वी छापून ठेवलेले झेंडे, टोप्या, पत्रकं नंतर वापरली, तर त्यांची किंमत धरावी लागते. हे अनेकांना ठाऊक नसतं.

दुसरं, स्टार प्रचारकांचा प्रवास. मान्यताप्राप्त पक्षाला ४० आणि नोंदणीकृत पण अमान्य पक्षाला २० नावांची यादी देता येते. अधिसूचना निघाल्यापासून ७ दिवसांत ही यादी निवडणूक आयोगाकडे गेली पाहिजे. त्यांच्या विमान-हेलिकॉप्टरचा खर्च पक्षाच्या खात्यात जातो. सभेचा मात्र जात नाही. होम मैदानावर मोठ्या नेत्याची सभा झाली आणि उमेदवार मंचावर बसला, किंवा तो नसला तरी त्याचं नाव-फोटो असलेला फलक मागे लागला, की मांडव, ध्वनिक्षेपक, खुर्च्या, एलईडी पडदे हे सगळं त्याच्या नावावर चढतं. त्याच मंचावर माढ्याचा उमेदवारही असेल तर खर्च दोघांत सारखा वाटला जातो. आणि उमेदवार नेत्याच्या हेलिकॉप्टरमधून आला, तर त्या प्रवासाचाही निम्मा खर्च त्याच्याकडे येतो.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं. पक्षाच्या खर्चाला कसलीही मर्यादा नाही. उमेदवाराचं नाव न घेता फक्त चिन्ह आणि नेत्याचा चेहरा असलेली जाहिरात जिल्हाभर लावली, तर ती पक्षाची. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या खात्यात धरावा असं सांगितलं होतं. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून त्यातून वाट काढली. २००३ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच अरुंद झाली, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मोकळं रान राहिलंच. आमच्या मते उमेदवाराची मर्यादा वाढवत राहण्याने काही साधत नाही. पक्षाच्या खर्चाला लगाम लावल्याखेरीज ९५ लाखांच्या आकड्याला अर्थ येणार नाही.

प्रश्न : पुढच्या लोकसभेला सोलापुरातून अपक्ष उभं राहण्याचा विचार आहे. हिशोबाचं काम कसं असतं? कुठे चुकतं? (छोटा व्यावसायिक, जुळे सोलापूर)

उत्तर : सोलापूर २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. त्यामुळे जातीचं प्रमाणपत्र लागेल आणि अनामत २५ हजारांऐवजी साडेबारा हजार भरावी लागेल. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली तरच ती परत मिळते. अपक्षाला सूचक १० लागतात, आणि ते याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात.

आता हिशोब. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडा. खातं तुमच्या एकट्याच्या किंवा तुमच्या आणि निवडणूक प्रतिनिधीच्या नावावर हवं. बायको किंवा भाऊ प्रतिनिधी नसेल तर त्यांच्याबरोबरचं संयुक्त खातं चालत नाही. स्वतःचे पैसे असोत की कुणी दिलेले, आधी या खात्यात आले पाहिजेत आणि मगच खर्च झाले पाहिजेत. खिशातून दिले आणि नंतर लिहिले, असं करू नका.

अर्ज भरल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून खर्चाचं रजिस्टर मिळतं. त्यात तीन भाग असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख आणि पिवळ्या पानांवर बँक. एकच रक्कम दोन ठिकाणी दिसणार हे गृहीत आहे. बँकेतून ५ हजार काढले की पिवळ्या पानावर काढल्याचं, गुलाबीवर आल्याचं आणि मांडववाल्याला दिले की गुलाबीवर गेल्याचं व पांढऱ्यावर कशासाठी गेले त्याचं. बहुतेकांचं गुलाबी पान चुकतं. दिवसअखेर रोख शिल्लक मांडली नाही की पुढच्या चार दिवसांत मेळ सुटतो.

रोखीचा नियम लक्षात ठेवा. एका व्यक्तीला किंवा संस्थेला संपूर्ण निवडणुकीत मिळून १० हजारांपर्यंतच रोख देता येतात. ही मर्यादा दिवसाची नाही. आज रिक्षा-प्रचाराच्या गाडीवाल्याला ६ हजार आणि आठवड्याने पुन्हा ६ हजार रोख दिले की नियम मोडला. पुढची रक्कम रेखांकित चेकने किंवा ऑनलाइन द्या.

प्रत्येक खर्चाचं प्रमाणक (व्हाउचर) हवं, त्यावर तारीख हवी आणि अनुक्रमांक तुम्ही घालायचा. टपाल, रेल्वे तिकीट अशा गोष्टींना सूट आहे. फुकट मिळालेली वस्तूही खर्चच. मित्राने जीप दिली तर तिचं भाडं दरसूचीप्रमाणे लावून लिहा. ही दरसूची जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी बोलून ठरवतात. चहा, वडापाव, खुर्ची, गादी, ढोल-ताशा, फेटा, सगळ्याचे दर त्यात असतात. एखादा दर अवाजवी वाटला तर दर पक्के होण्याआधी लेखी हरकत घ्या. नंतर भांडून उपयोग नसतो.

तुमच्यामागे प्रशासनाचं समांतर रजिस्टर चाललेलं असतं. व्हिडिओ पथकाचा माणूस सभेच्या सुरुवातीलाच कॅमेऱ्यापुढे तारीख, ठिकाण, पक्ष आणि उमेदवाराचं नाव बोलून नोंदवतो. मग मंचाचा आकार, खुर्च्यांचा अंदाज, कमानी, बाहेर उभ्या गाड्यांचे नंबर असं बोलत बोलत चित्रण करत जातो. त्या चित्रणावरून लेखा पथक दरसूचीने खर्च काढतं. तुम्ही ३०० खुर्च्या लिहिल्या आणि चित्रणात ८०० दिसल्या, तर २४ तासांत नोटीस निघते आणि ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं नाही तर त्यांचा आकडा मान्य केला असं धरतात. प्रचारकाळात किमान तीनदा रजिस्टर तपासणीला न्यावं लागतं. नेलं नाही तर गाड्यांची परवानगीही काढून घेतली जाऊ शकते. धावपळीत हे जमत नसेल तर खर्चाच्या कामासाठी एक जादा प्रतिनिधी नेमता येतो. बारावी वाणिज्य झालेला, रोज संध्याकाळी दोन तास बसणारा माणूस या कामाला पुरतो. नुसता मोठ्या नावाचा माणूस नेमू नका.

निकालानंतर ३० दिवसांत हिशोब, गोषवारा आणि शपथपत्र जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं. २६व्या दिवशी ताळमेळाची बैठक असते. तफावत मिटवायची ती शेवटची सोयीची संधी. अर्ज मागे घेतला तर हिशोब द्यावा लागत नाही. लढलात तर हरल्यावरही द्यावाच लागतो. ‘पडलो, आता कशाचा हिशोब’ म्हणून बसणाऱ्या उमेदवारांवर आयोग कलम १०अ खाली तीन वर्षांची बंदी घालू शकतो. तेवढ्यात जिल्हा परिषदेची नाही तर विधानसभेची निवडणूक येते आणि मग डोळे उघडतात.

प्रश्न : माझा प्रेसचा आणि डिजिटल बोर्डांचा धंदा आहे. निवडणुकीत काम घेताना काय सांभाळायचं? (मुद्रक, साखर पेठ)

उत्तर : लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ तुमच्यासाठीच आहे. पत्रक असो की पोस्टर, त्यावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता हवा. डिजिटल बोर्डांवरही तो टाका. काम घेण्याआधी प्रकाशकाकडून दोन प्रतींत घोषणापत्र घ्या. त्यावर त्याची सही आणि त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या साक्षी हव्यात. छापल्यावर तीन दिवसांत घोषणापत्राची एक प्रत, छापील मजकुराच्या चार प्रती, किती नग छापले आणि किती पैसे घेतले याचा तक्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे द्या. पोच घेऊन फाइलला लावा.

सभेची नुसती तारीख, वेळ, ठिकाण कळवणारं पत्रक किंवा कार्यकर्त्यांसाठीच्या नेहमीच्या सूचना याला लागू नाहीत. पण त्याच पत्रकात ‘प्रचंड बहुमताने विजयी करा’ ही ओळ आली की लागू होतं.

अडचण येते ती नगांच्या आकड्यात. २० हजार नग छापायचे आणि बिल ५ हजार नगांचं करायचं, अशी मागणी गिऱ्हाईकाकडून येते. तुमचा तक्ता, जीएसटी बिल, कागदाची खरेदी आणि उमेदवाराने दाखवलेला खर्च हे सगळं शेजारी शेजारी ठेवून तपासलं जातं. शिक्षा सहा महिने कैद किंवा २ हजार दंड, किंवा दोन्ही, अशी आहे, आणि ती मुद्रकाला होते. उमेदवार तेव्हा दिल्लीत किंवा घरी असतो. ऑर्डर लेखी घ्या, बिल उमेदवाराच्या की पक्षाच्या नावाने ते आधीच विचारा, आणि ‘नंतर नाव टाकू’ म्हणून कोरं बिल देऊ नका.

प्रश्न : कांदा विकून रोख घेऊन गावी निघालो की नाक्यावर गाडी अडवतात. ५० हजारांच्या वर पैसे नेताच येत नाहीत का? (शेतकरी, अक्कलकोट तालुका)

उत्तर : ५० हजारांचा नियम उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्ष-कार्यकर्ता ज्या गाडीत आहे तिच्यासाठी आहे. त्या गाडीत त्याहून जास्त रोख, किंवा १० हजारांवरचं प्रचारसाहित्य, भेटवस्तू, दारू सापडली तर जप्त होऊ शकते. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला पैसे न्यायला बंदी नाही. पण विजयपूर आणि कलबुर्गीकडून येणाऱ्या रस्त्यांवर पथकं प्रत्येकाची गाडी तपासतात, म्हणून कागद जवळ ठेवा. सोलापूर बाजार समितीतल्या आडत्याची हिशोबपट्टी, आधार कार्ड, बँकेतून काढले असतील तर त्याची स्लिप. पट्टीवर तुमचं नाव, पोत्यांची संख्या, वजन, भाव आणि निव्वळ रक्कम स्पष्ट असू द्या. पट्टी भावाच्या नावाची आणि पैसे तुमच्या पिशवीत, असं असलं की प्रश्न वाढतात. उक्ते पैसे घेऊन पट्टी नंतर नेणारे इथेच अडकतात.

तपासणीचं चित्रण होतं. बाईमाणसाची पर्स महिला अधिकाऱ्याशिवाय तपासता येत नाही. तरीही रक्कम जप्त झालीच तर पंचनाम्याची प्रत आणि पावती घेतल्याशिवाय जागा सोडू नका. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, खर्च विभागाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी या तिघांची समिती असते. निवडणुकीशी संबंध नसल्याचं दिसलं आणि गुन्हा दाखल नसला की ती रक्कम सोडते. मतदानानंतर सात दिवसांपलीकडे प्रकरण पडून ठेवता येत नाही. रक्कम १० लाखांवर असेल तर प्राप्तिकर खात्याला कळवलं जातं, त्यात वेळ जातो.

चादरी-टॉवेलच्या व्यापाऱ्यांनीही हे वाचावं. गठ्ठे गाडीत असतील तर बिल आणि ई-वे बिल बरोबर हवं, नाहीतर माल भेटवस्तू समजून उतरवला जातो.

प्रश्न : आमच्या वस्तीत चादरी आणि साड्या वाटल्या जातात. घेणाऱ्यावरही गुन्हा होतो का? तक्रार केली तर नाव बाहेर येतं का? (विडी कामगार महिला, कुंभारी)

उत्तर : होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये मतासाठी वस्तू देणं आणि घेणं, दोन्ही लाच आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नुसतं जेवण-खाणं दिलं असेल तर फक्त दंड. प्रत्यक्षात कारवाईचा रोख वाटणाऱ्यावर असतो, आणि तसाच तो असायला हवा. रोजंदारीवर विड्या वळणाऱ्या बाईने चादर घेतली म्हणून तिला कोर्टात उभं करण्यात न्याय नाही.

तक्रारीसाठी सी-व्हिजिल हे मोबाइल अ‍ॅप आहे. आचारसंहिता असेपर्यंतच ते चालतं. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ अ‍ॅप उघडूनच काढावा लागतो. गॅलरीतला जुना फोटो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चालत नाही, आणि बहुतेक तक्रारी इथेच फसतात. फोनचं लोकेशन चालू हवं. फोटो काढल्यावर पाच मिनिटांत पाठवायचा. नाव न देताही तक्रार करता येते. तक्रारीचा निपटारा १०० मिनिटांत व्हावा अशी रचना आहे. फोटोत वाटप, वस्तू आणि जागा तिन्ही दिसतील असं पाहा. नुसता चादरींचा ढीग दिसला तर पथक पोचेपर्यंत ‘हा दुकानाचा माल’ असं उत्तर तयार असतं.

प्रश्न : आमच्या मंडळाने वर्गणी काढून आमच्या आवडत्या उमेदवाराची जाहिरात पेपरात दिली तर? (तरुण मंडळ, अशोक चौक)

उत्तर : उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय देऊ नका. न्याय संहितेचं कलम १७६ त्यासाठीच आहे, दंड १० हजारांपर्यंत. त्यात १० रुपयांपर्यंतच्या खर्चाला नंतर दहा दिवसांत मंजुरी घ्यायची सवलत आहे. इंग्रजांच्या काळापासूनचा हा आकडा नव्या संहितेतही तसाच उतरला. संमती घेऊन जाहिरात दिली तर खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जाईल, म्हणून बिल त्याच्याकडे पोचवा. मतदानाच्या आणि आदल्या दिवसाच्या छापील जाहिरातीला माध्यम प्रमाणन समितीचं पूर्वप्रमाणन लागतं. केबल, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींना केव्हाही लागतं. तेलुगू आणि कन्नड मजकुराचाही त्यात समावेश होतो.

प्रश्न : पक्षाला देणगी दिली तर प्राप्तिकरात पूर्ण वजावट मिळते असं एका सल्लागाराने सांगितलं. थोडा भाग रोखीने परत मिळेल असंही म्हणाला. (यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड)

उत्तर : पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं गुन्हा आहे. ८०जीजीसी या नावाने ओळखली जाणारी वजावट नोंदणीकृत पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला (देणग्या घेऊन त्या पक्षांना वाटणारी संस्था) बँकेमार्फत दिलेल्या देणगीवर मिळते. रोख देणगीवर मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तरीही मिळत नाही. उमेदवाराला वैयक्तिक दिलेल्या पैशावर तर नाहीच. विवरणपत्रात देणगीची तारीख, व्यवहार क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड द्यावा लागतो. कधी नावही न ऐकलेल्या पक्षाला चेक देऊन रोख परत घेण्याचे प्रकार प्राप्तिकर खात्याने मोठ्या प्रमाणावर शोधले आहेत. त्यात कर, व्याज, दंड देणगीदाराच्या गळ्यात पडतो आणि सल्लागार हात झटकतो.

तुमची फर्म भागीदारी असेल तर ती देणगी देऊ शकते. खासगी मर्यादित कंपनी असेल तर आणखी अटी आहेत. कंपनीला तीन वर्षं पूर्ण हवीत, संचालक मंडळाचा ठराव हवा, आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. ही साडेसात टक्क्यांची अट २०१७ ला काढली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाने ती परत आली.

प्रश्न : निवडणूक रोखे रद्द झाले. मग आमच्या खासदाराला रोख्यांतून किती मिळाले हे आता कळेल का? (सेवानिवृत्त बँक कर्मचारी, सात रस्ता)

उत्तर : खासदारागणिक कळणार नाही. रोखे पक्षांच्या नावे वटत होते, व्यक्तीच्या नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये स्टेट बँकेची माहिती आयोगाच्या संकेतस्थळावर आली. १२ एप्रिल २०१९ पासून खरेदी झालेले १८,८७१ रोखे त्यात आहेत. खरेदीदाराची यादी वेगळी, वटवणाऱ्या पक्षाची वेगळी. २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक आले तेव्हा दोन याद्या जोडता आल्या. एखादी कंपनी शोधायची तर नावाची वेगवेगळी स्पेलिंग घालून पाहा आणि मग क्रमांकावरून पक्षापर्यंत जा.

आता पैसा चेक, ऑनलाइन आणि इलेक्टोरल ट्रस्टमार्फत येतो. ट्रस्टला वर्षात मिळालेल्या देणगीच्या ९५ टक्के रक्कम त्याच वर्षी वाटावी लागते, आणि कोणी दिले, कोणाला दिले ते जाहीर करावं लागतं. पक्षांना २० हजारांवरच्या प्रत्येक देणगीदाराचं नाव आयोगाला द्यावं लागतं. त्याखालच्या रकमांना नाव नाही. एका माणसाकडून रोखीने २ हजारांपर्यंतच घेता येतात, पण नावच जाहीर करायचं नसल्यावर कोण मोजणार? रोखे गेले तरी हे भगदाड शिल्लक आहे, आणि ते बुजवायला एकाही मोठ्या पक्षाने जोर लावलेला नाही.

प्रश्न : एखाद्या खासदाराची कारकीर्द आणि पैसा यांचा अभ्यास करायचा तर कुठून सुरुवात करू? (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, पंढरपूर)

उत्तर : प्रतिज्ञापत्रापासून. प्रत्येक अर्जाबरोबर नमुना २६ जोडलेला असतो आणि तो आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्याच व्यक्तीची सगळी प्रतिज्ञापत्रं काढा. प्रणिती शिंदे २०२४ ला लोकसभेवर गेल्या, पण त्याआधी २००९ पासून त्या शहर मध्यच्या आमदार होत्या, म्हणजे विधानसभेचीही कागदपत्रं आहेत. त्यांचे प्रतिस्पर्धी राम सातपुते २०१९ ला माळशिरसमधून आमदार झाले होते. सुशीलकुमार शिंदे यांनी सोलापुरातून २००९, २०१४ आणि २०१९ ला लोकसभा लढवली. तिन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

बेरजेच्या आकड्यावर जाऊ नका. मालमत्ता दुप्पट झाली की बातमी होते, पण ती जमिनीचा बाजारभाव वाढल्याने झाली की नवी खरेदी झाली, हे वेगळं काढावं लागतं. नमुन्यात प्रत्येक मालमत्तेची खरेदीची तारीख, खरेदी किंमत, नंतर केलेली गुंतवणूक आणि सध्याची अंदाजे किंमत असे रकाने आहेत. गट क्रमांक दिलेला असतो, त्यावरून सातबारा काढून क्षेत्र आणि फेरफार ताडून पाहा. मग कर्जाचा भाग वाचा. कोणी व्यक्तीने दिलेलं बिनव्याजी कर्ज पाच वर्षांनी गायब झालेलं दिसलं, तर ते फिटलं की माफ झालं हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. २०१८ नंतरच्या नमुन्यात पाच वर्षांचं उत्पन्न आणि उत्पन्नाचे स्रोत आहेत. जुन्यात नाहीत, म्हणून २०१४ आणि २०१९ ची सरळ तुलना करताना हे लक्षात ठेवा.

खर्चाची तुलना करताना मर्यादा त्या त्या वर्षाची घ्या. २००९ ला २५ लाख, २०१४ आणि २०१९ ला ७० लाख, २०२४ ला ९५ लाख.

संसदेतल्या कामासाठी लोकसभेच्या संकेतस्थळावर हजेरी, प्रश्न, चर्चा मिळतात. इथे एक चूक हमखास होते. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. सुशीलकुमार शिंदे २००६ पासून ऊर्जामंत्री आणि २०१२ ते २०१४ गृहमंत्री होते. त्यांच्या नावापुढे प्रश्न शून्य दिसले म्हणून ‘सोलापूरचा आवाजच उठला नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. त्या काळासाठी त्यांनी सभागृहात दिलेली उत्तरं वाचावी लागतात.

प्रश्न : खासदार निधीचे ५ कोटी खासदार प्रचारात फिरवतात असं आमच्याकडे बोललं जातं. खरं का? (ग्रामपंचायत सदस्य, दक्षिण सोलापूर)

उत्तर : ते पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. खासदार कामाची शिफारस करतो. मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा आणि देयक जिल्हा प्रशासनाकडे असतं. वर्षाला ५ कोटी, त्यात किमान १५ टक्के अनुसूचित जाती आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी. आचारसंहिता लागल्यावर प्रत्यक्ष सुरू न झालेलं काम सुरू करता येत नाही. फायदा घ्यायचाच तर तो आचारसंहितेआधीच्या दोन महिन्यांत घेतला जातो, शिफारसपत्रांचा पाऊस पाडून. म्हणून शिफारसपत्राची प्रत दाखवणाऱ्याला प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख विचारा. ती नसेल तर काम अजून कागदावरही नाही.

प्रश्न : उमेदवाराचा खर्चाचा हिशोब सामान्य मतदाराला पाहता येतो का? खोटा वाटला तर पुढे काय? (वकील, बाळीवेस)

उत्तर : येतो. हिशोब दाखल झाल्यावर दोन दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकारी सूचनाफलकावर नोटीस लावतात. निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ८८ प्रमाणे १ रुपया शुल्क भरून कोणीही तो पाहू शकतो. साक्षांकित प्रतींचं शुल्क वेगळं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत अर्ज देताना नियमाचा क्रमांक लिहा आणि प्रमाणकांसह पाहायचं आहे असं स्पष्ट लिहा, नाहीतर फक्त गोषवारा पुढे केला जातो.

पाहताना आधी पक्षाकडून मिळालेल्या रकमेचा तक्ता काढा. लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्षही आपला खर्च आयोगाला देतो, त्यात उमेदवारांना दिलेल्या रकमा असतात. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. मग स्टार प्रचारकांच्या सभांचा तक्ता पाहा आणि वर्तमानपत्रांतल्या सभांच्या बातम्यांशी तारखा ताडा. एखादी सभा तक्त्यात नसेल तर त्याच दिवसाच्या व्हिडिओ पथकाच्या नोंदीची मागणी करा.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हिशोब वेळेत किंवा ठरलेल्या पद्धतीने दिला नाही, तर आयोग कलम १०अ खाली अपात्र ठरवतो. पेड न्यूजचा (पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा) खर्च न दाखवल्याबद्दल उत्तर प्रदेशातल्या आमदार उमलेश यादव २०११ ला अशाच अपात्र ठरल्या. मर्यादेपेक्षा जास्त खर्च हा मात्र कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचार आहे, आणि त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. उमेदवार किंवा मतदारसंघातला कोणताही मतदार ती करू शकतो. कायद्याने ठरलेली सुरक्षा अनामत २ हजार रुपये आहे.

खरी अडचण मुदतीची. याचिका निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते आणि ही मुदत वाढत नाही. २०२४ चा निकाल ४ जूनला लागला. हिशोब देण्याची शेवटची तारीख ४ जुलै आणि याचिकेची १९ जुलै. उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशोब दिला तर नोटीस, तपासणी, प्रती आणि मसुदा यांसाठी हातात जेमतेम पंधरा दिवस उरतात. तोवर पक्षाचा ९० दिवसांचा हिशोब आलेलाही नसतो. म्हणून याचिकेचा विचार असेल तर हिशोबाची वाट पाहू नका. प्रचार चालू असतानाच सभांचे तारीखवार फोटो, बोर्डांची मोजणी आणि गाड्यांचे नंबर गोळा करा, खर्च निरीक्षकांना लेखी तक्रार देऊन पोच घ्या, आणि निकाल लागला की आठवड्याभरात त्या तक्रारींवर काय झालं याची लेखी विचारणा करा.